वाचा गेली, बुद्धी राहिली

माणूस जिभेने बोलतो अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. एखादे मूल उशिरा बोलू लागले की त्याची जीभ जड आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. परंतु जीभ शाबूत, कंठ शाबूत, ऐकलेले सारे समजते आणि तरीही शब्द फुटत नाही, अशी माणसे वैद्यांच्या पाहण्यात पूर्वीपासून होती. याचा उलगडा होण्यास आरंभ झाला तो फ्रान्समध्ये, 1861 साली, एका अपंग कारागिरामुळे.

पॅरिसच्या दक्षिणेला बिसेत्र येथे मोठे रुग्णालय आहे. 1840 च्या सुमारास सुमारे तीस वर्षांचा एक तरुण तेथे दाखल झाला. जोडे बनविण्यासाठी लागणारे लाकडी साचे तयार करणे हा त्याचा धंदा. त्याला लहानपणापासून फेफरे येई आणि आता वाचाही गेली होती. काहीही विचारा, उत्तर एकच: ‘तां, तां’. तेव्हा साऱ्या रुग्णालयाने त्याचे नावच ‘तां’ ठेवले. दहा वर्षांनी उजवा हात लुळा पडू लागला, मग पाय गेला, आणि शेवटची सात वर्षे तो अंथरुणालाच खिळून होता. इतर रोगी त्याला तापट म्हणत, चोरही म्हणत. आपले म्हणणे कोणालाच कळत नसेल तर कोण तापट होणार नाही?

एप्रिल 1861 मध्ये त्याच्या उजव्या पायाला भयंकर सूज आली आणि त्याला शल्यचिकित्सक पॉल ब्रोका यांच्याकडे आणण्यात आले. त्या दिवसांत पॅरिसच्या मानवशास्त्र परिषदेत एक वाद रंगला होता. मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळी कामे करतात की संपूर्ण मेंदू एकजीव होऊन काम करतो, हा तो वाद. वाचाशक्ती कपाळामागच्या भागात असते, असे बुइयो नावाचे वैद्य कित्येक वर्षे सांगत होते. ते खोटे पाडणाऱ्यास त्यांनी 500 फ्रँकचे बक्षीसही लावले होते.

ब्रोकांनी रोग्याची परीक्षा घेतली. किती वर्षे येथे आहात, असे विचारताच त्याने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि मग एक बोट वर केले. एकवीस! उत्तर अचूक होते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर मात्र, हे आपली परीक्षा घेत आहेत हे त्याने ओळखले आणि रागाने एक शिवी हासडली. अडलेल्या वाचेतून शिवी तेवढी सुटून आली, ही गोष्ट शास्त्रज्ञांनी पुढे फार महत्त्वाची मानली. आम्हा मास्तरांना मात्र त्या उघडलेल्या पंजाचे अधिक वाटते. जो बोलत नाही त्याला काही येत नाही, असा शेरा वर्गात आपण किती सहज मारतो!

17 एप्रिलला तो वारला. दुसऱ्याच दिवशी ब्रोकांनी त्याचा मेंदू परिषदेपुढे ठेवला. डाव्या बाजूला, कपाळामागच्या भागात, कोंबडीचे अंडे मावेल एवढी पोकळी होती. त्याच वर्षी लेलाँ नावाचा 84 वर्षांचा म्हातारा आला. त्याच्यापाशी मोजून पाच शब्द उरले होते. कोणत्याही संख्येला तो ‘तीन’ म्हणे, तोही बोबडा. मुले किती, असे विचारले तेव्हा तोंडाने ‘तीन’ म्हणाला आणि बोटे मात्र चार दाखविली. त्याच्याही मेंदूत जखम त्याच जागी निघाली. 1865 मध्ये ब्रोकांनी जाहीर केले की आपण मेंदूच्या डाव्या अर्ध्याने बोलतो. मार्क दाक्स नावाच्या वैद्याने हे 1836 मध्येच लिहून ठेवले होते, असा दावा त्याच्या मुलाने केला. हेच ब्रोका कवट्या मोजून व मेंदू तोलून मानववंशांची प्रतवारी लावीत असत, हेही विसरता येत नाही.

1874 मध्ये जर्मनीचे कार्ल वेर्निके यांनी दुसरी बाजू दाखविली. ते तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. डाव्या कानाच्या वरच्या अंगाला, मागील भागात इजा झालेले रोगी अडखळत नाहीत. ते भरभर बोलतात, पण त्या बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट कळत नाही. म्हणजे ऐकून समजणे आणि शब्द जुळवून उच्चारणे यांची ठिकाणे वेगळी, आणि त्यांना जोडणारे तंतू असले पाहिजेत, असे वेर्निके यांनी मांडले.

ब्रोकांनी ते दोन्ही मेंदू चिरले नाहीत, अखंड जपून ठेवले. ही त्यांची दूरदृष्टी म्हणावी लागेल, कारण 2007 मध्ये संशोधकांनी चुंबकीय यंत्राने त्यांची आतून छायाचित्रे घेतली. जखम वरून दिसते त्याहून पुष्कळ खोल, पुढच्या व मागच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली आढळली. ज्या एका जागेला पाठ्यपुस्तकांनी ब्रोकांचे नाव दिले, तेवढ्याने भाषेचा सारा कारभार चालत नाही.

आणि तो कारागीर? शंभर-दीडशे वर्षे ग्रंथांतून तो ‘तां’ म्हणूनच वावरला. तो अडाणी होता असेही लिहिले गेले. पोलंडचे अभ्यासक त्सेझारी दोमान्स्की यांनी जुनी दप्तरे धुंडाळून 2013 मध्ये त्याची हकीकत प्रसिद्ध केली. लुई व्हिक्टर लेबोर्न्य, जन्म 1809, गाव मोरे, वडील शाळामास्तर.