ई-मेल लेखनवर्ग

ई-मेल लेखनवर्ग : शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर न येता ई-मेलवरून चालणारा लेखनाचा अभ्यासक्रम. ठरावीक दिवसांनी, बहुधा आठवड्याला एक, असा पाठ येतो. पाठाखाली स्वाध्याय असतो. विद्यार्थी पाचसातशे शब्दांचा मजकूर लिहून मुदतीत धाडतो आणि शिक्षक तो तपासून, शेरे मारून परत करतो. या वर्गांचे दोन प्रकार पडतात. पहिल्यात सगळे पाठ आधीच लिहून ठेवलेले असतात आणि नाव नोंदवल्यापासून ते आपोआप एकामागून एक सुटतात. पलीकडे उत्तर वाचणारा माणूस नसतो. दुसऱ्यात पाठ तेच असले तरी आलेला प्रत्येक खर्डा कोणीतरी वाचतो. नाव एक असले तरी ही दोन वेगळी शिक्षणे आहेत. लेखनाचा जो भाग लिहिणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतो, तेवढाच पहिल्या प्रकाराने शिकवता येतो. उरलेले सगळे शिक्षण परत आलेल्या खर्ड्यात असते. मराठीतील दूरस्थ लेखनशिक्षणाचा जुना-नवा अनुभव याच निष्कर्षाकडे नेतो आणि त्याची सुरुवात जालना जिल्ह्यातून करता येते.

समर्थ रामदासांचा जन्म १६०८ मध्ये जांब या गावी झाला. हे गाव आज जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यात असून जांब समर्थ या नावाने ओळखले जाते. त्यांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचे नाव ‘शिकवण’ आणि त्यातला पहिला समास लेखनक्रियेचा आहे. अक्षर वाटोळे, सरळ आणि मोकळे असावे. काने, मात्रा, वेलांट्या नेटक्या असाव्यात. पहिले अक्षर जसे उतरले तसेच ग्रंथ संपेपर्यंत उतरावे. ओळीला ओळ भिडू नये, त्यासाठी शिशाने आखून घ्यावे, असे त्यात सांगितले आहे. तरुणपणी फार बारीक लिहू नये, ते म्हातारपणी वाचता येत नाही, हा इशाराही आहे. ही शिकवण न पाहिलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. गुरू जवळ नसताना ती उपयोगी पडते, कारण तिची प्रत्येक कसोटी कागदावर दिसते. ओळ वाकडी गेली की लिहिणाऱ्याला ती वाकडी दिसते. म्हणजे एकतर्फी पाठ निरुपयोगी नसतो. डोळ्यांनी जोखता येईल तिथवर तो पुरतो. मात्र समासाचा रोख आरंभीच ब्राह्मणाकडे आहे, हेही नजरेआड करून चालत नाही. पाठ कितीही लांब पोहोचणारा असला तरी तो कोणासाठी काढला आहे, हा प्रश्न दूरस्थ शिक्षणाला पहिल्यापासून चिकटलेला आहे.

आजच्या आपोआप सुटणाऱ्या पाठांचे योग्य क्षेत्रही हेच. मराठी साहित्य महामंडळाने तयार केलेले आणि राज्य शासनाने स्वीकारलेले शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये चौदा होते. १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. हे अठरा नियम, विरामचिन्हे, अर्जाचा किंवा बातमीचा साचा, देवनागरी टंकलेखन या गोष्टी अशा पाठांतून चांगल्या शिकता येतात. उत्तर पाठाखालीच देता येते आणि विद्यार्थी ते ताडून पाहू शकतो. पण याही प्रांतात यंत्राची नजर सर्वत्र पोहोचत नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोन्ही शब्द आपापल्या जागी शुद्ध असल्याने ‘अजिंठ्याच्या दर्या’ असे लिहिले तरी साधा शब्दतपासनीस हूं की चूं करत नाही. अर्थ पाहणारा वाचक मात्र तिथेच थबकतो.

अर्थ पाहायचा तर दुसरे माणूस लागते, हे टपालाच्या काळातच उमगले होते. इंग्लंडमध्ये १८४० साली पेनी पोस्ट ही स्वस्त टपालसेवा सुरू होताच आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी एका लहान तक्त्यावर छापून टपालाने शिकवायला घेतली. विद्यार्थी बायबलमधले उतारे लघुलिपीत उतरवून धाडत आणि ते दुरुस्त होऊन परत येत. स्वस्त टपालाने पाठ दूरवर गेला हे खरे, पण नियमावली तर पुस्तकातूनही गेली असती. दुरुस्त होऊन परत येणारा कागद ही नवी गोष्ट होती. भारतात दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे नाशिकच्या विद्यापीठाचे ब्रीद आहे. छापील पुस्तके घरोघरी धाडणाऱ्या या व्यवस्थेनेही स्वाध्याय आणि अभ्यासकेंद्रे ठेवलीच. नुसते पुस्तक पोहोचवून भागते असे तिला वाटले नाही.

मराठीतले लेखनाचे सर्वांत परिणामकारक पत्रशिक्षण मात्र कोणत्याही विद्यापीठात झाले नाही, ते एका मासिकाच्या कार्यालयातून झाले. १९३३ ते १९८२ या काळात निघालेल्या सत्यकथेचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन नवोदितांच्या कथा नुसत्या ‘साभार परत’ करत नसत. कथा कुठे सैल पडली, कुठे जास्तीचे सांगितले गेले, हे ते पत्रातून कळवत आणि पुनर्लेखन मागवत. त्यात ना अभ्यासक्रम होता ना पाठांची क्रमवारी. होता तो फक्त परत येणारा खर्डा आणि त्यासोबतचे पत्र. तरीही आडगावांतल्या कितीतरी लेखकांची घडण त्या पत्रांनी केली. पाठ वजा केले तरी शिक्षण उरते, उत्तर वजा केले तर उरत नाही, हे यातून दिसते.

उत्तराने नेमके काय होते, ते एका कल्पित उदाहरणाने पाहता येईल. अंबड तालुक्यातल्या विद्यार्थ्याला २०१२-१३ च्या दुष्काळावर लिहायचे आहे असे समजू. त्या वर्षी जालना जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा पाण्याअभावी वाळल्या. पहिल्या खर्ड्यात तो लिहितो : ‘दुष्काळामुळे शेतकऱ्यांची अवस्था अत्यंत बिकट झाली.’ वाक्यात व्याकरणाची चूक नाही. शिक्षक शेजारी एवढेच विचारतो : ‘तुम्ही काय पाहिलंत?’ दुसरा खर्डा येतो : ‘टँकर आला की बाबा आधी बागेत पाइप टाकायचे. घरातल्या हंड्यांचा नंबर नंतर.’ अवस्था हा शब्द गेला आणि ती अवस्था दिसू लागली. हा बदल कोणत्याही नियमाने घडला नाही. त्या विशिष्ट वाक्याला विचारलेल्या विशिष्ट प्रश्नाने घडला, म्हणून तो आधी लिहून ठेवलेल्या पाठात बसत नाही. समोरासमोरच्या वर्गात हाच प्रश्न तोंडी सुटला असता आणि उत्तरही तोंडीच येऊन हवेत विरले असते. ई-मेलमध्ये प्रश्न लेखी, उत्तरही लेखी. दोन्ही खर्डे शेजारी ठेवून पाहता येतात, हा या माध्यमाचा खरा फायदा.

मराठीला हा फायदा उशिरा मिळाला. सुरुवातीच्या काळात प्रत्येक फाँटची सांकेतिक व्यवस्था वेगळी असे. पाठवणाऱ्याचा फाँट घेणाऱ्याकडे नसला की मजकुराच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसे. म्हणून मजकूर चित्ररूपात किंवा पीडीएफ करून धाडत. असा मजकूर वाचता येतो, पण त्याच्या ओळीओळीत शिरून दुरुस्ती करणे कठीण जाते. देवनागरीला १९९१ मध्येच युनिकोड या सामाईक संकेतव्यवस्थेत जागा मिळाली होती. पण संगणकांत आणि पुढे मोबाइलमध्ये ही व्यवस्था रुळल्यावरच मराठी खर्डा सहज परत येऊ लागला.

या पद्धतीवर पहिला आक्षेप असा की, लेखन हे उपजत असते, ते शिकवून येत नाही. प्रतिभा शिकवता येत नाही हे मान्य करूनही वरच्या उदाहरणातला बदल शिल्लक राहतो. तिथे विद्यार्थ्याला नवे काही दिले गेले नाही. त्याने पाहिलेलेच त्याच्याकडून काढून घेतले. दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे : दुरुस्त करणारा आपली भाषा आणि आपली अभिरुची लादतो. मराठवाड्याच्या बोलीत ‘आबा पेरायलेत’ म्हणजे आबा आत्ता पेरत आहेत. प्रमाणभाषेत ‘पेरायला’ हेतू दाखवते, त्यामुळे ही बोली ठाऊक नसलेला शिक्षक वाक्य अपुरे समजून त्यावर लाल रेघ ओढील. सत्यकथेवरही एकसुरी अभिरुचीचा आरोप झाला आणि १९६९ मध्ये लेखक राजा ढाले व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या अंकाची होळी केली. हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. पण त्याचा रोख उत्तर देण्यावर नसून, उत्तर मोजक्याच आणि एका वळणाच्या माणसांनी देण्यावर आहे. रा. रं. बोराडे यांची पाचोळा (१९७१) ही कादंबरी मराठवाड्याच्या बोलीत लिहिलेली आहे आणि ती बोली त्या कथनाचा कणा आहे. तेव्हा जालन्यातल्या विद्यार्थ्याचा खर्डा तपासणाऱ्यांत एक तरी कान या बोलीचा हवा, एवढाच या आक्षेपाचा न्याय्य निष्कर्ष निघतो.

तिसरा आक्षेप पोहोचण्याचा. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची सुमारे ८० टक्के लोकसंख्या ग्रामीण आहे. तिथे संगणक थोडे आणि मोबाइल पुष्कळ, तर मग ई-मेलचा हट्ट कशाला? मोबाइलवर ई-मेलही चालतो हे सोपे उत्तर झाले. खरे उत्तर गतीचे आहे. गप्पांच्या माध्यमात मजकूर तुकड्यातुकड्यांनी जातो आणि उत्तर लगेच अपेक्षित असते. लेखनाला दोन दिवस पडून राहणारा, एकसंध वाचला जाणारा खर्डा लागतो. ई-मेलची सावकाशी इथे दोष नसून सोय आहे.

चौथी अडचण आक्षेपापेक्षा हिशेबाची आहे. वीस विद्यार्थ्यांनी आठवड्याला सातशे शब्द लिहिले तर शिक्षकापुढे चौदा हजार शब्द येतात आणि दुसरा खर्डा मागवला की तेवढेच पुन्हा. पाठ हजारांना धाडण्याचा खर्च जवळजवळ शून्य, खर्डा वाचण्याचा खर्च मात्र माणशी तेवढाच राहतो. म्हणूनच उत्तराविना वर्ग स्वस्त आणि अफाट, तर उत्तराचा वर्ग महाग आणि लहान असतो. यंत्र आता शेरेही मारू लागले आहे, त्यामुळे हा खर्च उतरेल असे वाटते. नियमांच्या बाबतीत तो उतरेलही. पण ‘तुम्ही काय पाहिलंत?’ या प्रश्नाला वजन येते ते विचारणाऱ्याला उत्तर खरोखर जाणून घ्यायचे असते म्हणून. एखादा ई-मेल लेखनवर्ग पारखताना पाठ किती आणि कोणाचे, यापेक्षा परत येणारा खर्डा कोण वाचते, हे आधी पाहावे.

समर्थांनी पानाच्या चहूबाजूंनी जागा सोडायला सांगितली ती कडा झिजल्या तरी अक्षर वाचावे म्हणून. त्या जागेला मराठीत समासच म्हणतात. पोथीचा समास कोराच राहायचा होता, त्याचे काम राखणीचे होते. आजच्या वर्गात लिहिणाऱ्याने तो दुसऱ्यासाठी सोडायचा असतो, आणि तो कोराच परत आला तर शिकवणी झाली नाही असे समजावे.