अमेरिकेतील वाणिज्य विद्यार्थी संघटना आणि विभागीय नेतृत्व : ‘फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका’ – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विद्यार्थी संघटनांचा इतिहास म्हटला की आपल्यासमोर प्रामुख्याने राजकीय चळवळी उभ्या राहतात. १९४२ च्या आंदोलनातील विद्यार्थी, १९६८ चे पॅरिस, १९७४ मधील गुजरात व बिहार येथील आंदोलने यांवर विपुल लेखन झाले आहे. याउलट, अभ्यासक्रमाच्या आश्रयाने वाढलेल्या, घोषणा न देणाऱ्या आणि मोर्चे न काढणाऱ्या संघटनांकडे इतिहासाच्या अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. वस्तुतः सामान्य विद्यार्थी सभा चालविणे, ठराव मांडणे, हिशेब देणे आणि मत मागणे या गोष्टी अशाच संघटनांतून शिकत असतो.

अमेरिकेतील ‘फ्यूचर बिझनेस लीडर्स ऑफ अमेरिका’ (यापुढे ‘एफबीएलए’) ही अशीच एक संघटना होय. माध्यमिक शाळा ते महाविद्यालय या स्तरांवरील वाणिज्य विद्यार्थ्यांच्या या संघटनेची सभासदसंख्या दोन लाखांहून अधिक आहे. तिच्या रचनेत शाखा, राज्य आणि राष्ट्र यांच्या जोडीला ‘विभाग’ नावाचा एक स्तर आढळतो. या स्तराजवळ स्वतंत्र सभासद वर्गणी नाही, आणि राज्य संघटनांना आदेश देण्याचा अधिकारही नाही. तरीही संघटनेच्या राष्ट्रीय पदाधिकाऱ्यांत विभागीय उपाध्यक्षांची संख्या मोठी आहे. हा विरोधाभास कसा निर्माण झाला आणि नेतृत्वाच्या शिक्षणाच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) एफबीएलएच्या स्थापनेमागील शैक्षणिक व कायदेविषयक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) संघटनेतील विभागीय रचना आणि उपक्रम यांचा परस्परसंबंध तपासणे.
३) या अनुभवातून महाविद्यालयीन वाणिज्य मंडळांच्या संदर्भात निघणारे निष्कर्ष मांडणे.

वाणिज्य शिक्षणाची पार्श्वभूमी :

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील माध्यमिक शाळांतून वाणिज्य शिक्षणाचा झपाट्याने प्रसार झाला. टंकलेखन, लघुलेखन आणि जमाखर्च हे त्यातील प्रमुख विषय होते. या वर्गांत, विशेषतः टंकलेखन व लघुलेखनाच्या वर्गांत, मुलींचे प्रमाण मोठे होते. बहुतेकांच्या वाट्याला पुढे कार्यालयातील दुय्यम पदे येत. म्हणजे उद्योगविश्वाशी निकटचा संबंध असूनही निर्णयप्रक्रियेपासून दूर राहणारा हा विद्यार्थिवर्ग होता.

शासकीय धोरणाची बाजूही येथे लक्षात घ्यावी लागते. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने व्यावसायिक शिक्षणाला संघराज्याचे अनुदान मिळू लागले. परंतु ते शेती, उद्योग-हस्तव्यवसाय आणि गृहशास्त्र यांपुरते होते. कार्यालयीन वाणिज्य शिक्षणाला त्यात स्थान नव्हते. शेती शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची ‘फ्यूचर फार्मर्स ऑफ अमेरिका’ ही संघटना १९२८ मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या पाठीशी अनुदानित शिक्षणाची यंत्रणा आणि राज्याराज्यांतील पर्यवेक्षक उभे होते. १९३६ च्या जॉर्ज-डीन कायद्याने विक्री व वितरण शिक्षणाला अनुदान मिळाले आणि त्यातूनच १९४६ मध्ये पुढे ‘डेका’ या नावाने ओळखली जाणारी संघटना आकाराला आली. वाणिज्य शिक्षकांना मात्र असा आधार नव्हता. त्यांची संघटना उभी राहायची तर ती शिक्षकांच्या ऐच्छिक सहकार्यावरच राहू शकत होती. एफबीएलएच्या पुढील रचनेचे मूळ या परिस्थितीत आहे.

स्थापना आणि विस्तार :

१९३७ मध्ये न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील प्राध्यापक हॅम्डेन एल. फॉर्क्नर यांनी एक प्रस्ताव मांडला. देशभरातील शाळा-महाविद्यालयांत विखुरलेली शेकडो वाणिज्य मंडळे एका राष्ट्रीय संघटनेत आणावीत, असे त्याचे स्वरूप होते. फॉर्क्नर यांनी शून्यातून काही निर्माण केले नाही. मंडळे होतीच; त्यांच्यात संबंध नव्हता. तो जोडणे हेच त्यांचे कार्य होय. त्यांनी सुचविलेले नावही अर्थपूर्ण आहे. ज्या विद्यार्थ्यांना अभ्यासक्रम कारकुनीसाठी तयार करीत होता, त्यांना त्यांनी ‘भावी उद्योगनेते’ म्हटले. अभ्यासक्रम आणि नाव यांतील हे अंतर भरून काढण्याची जबाबदारी साहजिकच संघटनेच्या उपक्रमांवर येऊन पडली.

१९४० मध्ये वाणिज्य शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने या संघटनेचे पालकत्व स्वीकारले. ३ फेब्रुवारी १९४२ रोजी टेनेसी राज्यातील जॉन्सन सिटी येथे पहिली शाखा स्थापन झाली. पर्ल हार्बरवरील हल्ल्याला तेव्हा जेमतेम दोन महिने होत होते. युद्धकाळात विस्तार मंद राहिला, यात आश्चर्य नाही. १९४७ मध्ये आयोवा येथे पहिली राज्य संघटना अस्तित्वात आली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी १९५८ मध्ये ‘फाय बीटा लॅम्डा’ हा विभाग सुरू झाला आणि त्याची पहिली शाखाही आयोवातच, सीडर फॉल्स येथील अध्यापक महाविद्यालयात निघाली. १९६९ मध्ये संघटना शिक्षक परिषदेच्या छत्रातून बाहेर पडून स्वतंत्र ना-नफा संस्था बनली. १९९१ मध्ये व्हर्जिनिया राज्यातील रेस्टन येथे तिचे स्वतःच्या मालकीचे केंद्र उभे राहिले, आणि १९९४ मध्ये पूर्व-माध्यमिक विद्यार्थ्यांनाही प्रवेश देण्यात आला. महाविद्यालयीन विभागाचे जुने ग्रीक नाव २०२० च्या दशकाच्या आरंभी मागे पडले आणि तोही एफबीएलएच्याच नावाने ओळखला जाऊ लागला.

हा विस्तार सर्वत्र सारखा झाला नाही. १९६३ च्या व्यावसायिक शिक्षण कायद्याने कार्यालयीन शिक्षणालाही अनुदानाचे दार उघडले. त्याचा एक परिणाम असा झाला की, अशा अनुदानित अभ्यासक्रमांतील विद्यार्थ्यांसाठी १९६६ मध्ये ‘ऑफिस एज्युकेशन असोसिएशन’ ही वेगळी संघटना निघाली. तीच १९८८ पासून ‘बिझनेस प्रोफेशनल्स ऑफ अमेरिका’ म्हणून ओळखली जाते. एकाच विद्यार्थिवर्गासाठी दोन संघटना झाल्यामुळे काही राज्यांत एकीचे, तर काही राज्यांत दुसरीचे बळ वाढले. अशा असमान भूगोलात राष्ट्रीय कार्यालयाने प्रत्येक राज्याशी सारखाच संबंध ठेवणे अवघड होते. विभागीय स्तराचे महत्त्व येथे स्पष्ट होते.

विभागीय रचना :

एफबीएलएने देशाचे पाच विभाग मानले आहेत : पूर्व, दक्षिण, उत्तर-मध्य, पर्वत-मैदानी आणि पश्चिम. आयोवा, इलिनॉय, विस्कॉन्सिन ही राज्ये उत्तर-मध्य विभागात येतात. टेनेसी, जॉर्जिया, फ्लोरिडा दक्षिणेत. नेब्रास्का, कॅन्सस, वायोमिंग पर्वत-मैदानी विभागात. पश्चिम विभागात कॅलिफोर्नियाबरोबर अलास्का आणि हवाई ही दूरची राज्येही आहेत. शालेय स्तरावरील राष्ट्रीय पदाधिकाऱ्यांत अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार व कार्यपद्धती-सल्लागार यांच्याबरोबर प्रत्येक विभागाचा एक, असे पाच उपाध्यक्ष असतात. म्हणजे पदाधिकारी मंडळात विभागांचे प्रतिनिधी बहुसंख्य ठरतात.

‘विभाग’ हा शब्द संघटनेत दोन अर्थांनी वापरला जातो, हे येथे नमूद केले पाहिजे. वरील पाच विभाग अनेक राज्यांचे मिळून बनतात. त्याशिवाय अनेक मोठ्या राज्यांनी आपल्या अंतर्गत सोयीसाठी जिल्हासमूहांचेही विभाग पाडले आहेत. तेथे प्राथमिक स्पर्धा होतात व स्थानिक पदाधिकारी निवडले जातात. शाखेतील विद्यार्थ्याला पहिले व्यासपीठ मिळते ते या लहान विभागात. राष्ट्रीय पातळीवरील विभाग त्याला पुढील टप्प्यावर भेटतो.

विभागीय उपाध्यक्षपदाचा उमेदवार त्या विभागातील राज्याचा सभासद असावा लागतो आणि त्याला स्वतःच्या राज्य संघटनेची संमती घ्यावी लागते. निवडणूक उन्हाळ्यातील राष्ट्रीय परिषदेत होते. शाखांचे प्रतिनिधी मतदान करतात. कार्यकाल एकच वर्षाचा असतो. सभा हेन्री रॉबर्ट यांच्या १८७६ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या सभानियमांच्या आधारे चालतात. या वर्षभरात उपाध्यक्षाने विभागातील राज्य पदाधिकाऱ्यांशी पत्रव्यवहार ठेवणे, त्यांच्या परिषदांना उपस्थित राहणे, नव्या शाखा निघाव्यात म्हणून प्रयत्न करणे आणि राज्यांच्या अडचणी राष्ट्रीय मंडळापुढे मांडणे अपेक्षित असते.

या पदाचे वैशिष्ट्य त्याच्या दुर्बलतेत आहे. शाखाध्यक्षाच्या मागे त्याचे सभासद व शिक्षक असतात. राज्याध्यक्षाच्या मागे राज्य संघटनेची वर्गणी आणि कार्यालय असते. विभागीय उपाध्यक्षाजवळ यांपैकी काहीच नसते. सोळा-सतरा वर्षांच्या या विद्यार्थ्याला, ज्यांच्यावर आपला हुकूम चालत नाही अशा समवयस्कांकडून काम करवून घ्यायचे असते. त्याला आज्ञा देता येत नाही, समजूत मात्र घालता येते. नेतृत्वाचा हा धडा वर्गात देता येण्याजोगा नाही. त्यामुळे संघटनेच्या नावातील आश्वासन जर कोठे कसाला लागत असेल, तर ते या अधिकारहीन स्तरावरच, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उपक्रमांचे स्वरूप :

शरद ऋतूत देशातील निरनिराळ्या शहरांत नेतृत्व परिषदा भरतात. त्यांत कार्यशाळा, व्याख्याने आणि पदाधिकाऱ्यांचे प्रशिक्षण यांवर भर असतो. १५ नोव्हेंबर हा दिवस ‘अमेरिकन उद्योगदिन’ म्हणून, तर फेब्रुवारीतील एक आठवडा संघटनेचा सप्ताह म्हणून साजरा होतो. हिवाळा आणि वसंत ऋतूत स्पर्धांचा हंगाम असतो. लेखाशास्त्र, व्यवसाय कायदा, वक्तृत्व, सभाशास्त्र अशा विषयांतील विजेते टप्प्याटप्प्याने राज्य आणि राष्ट्रीय परिषदेपर्यंत पोहोचतात.

वैयक्तिक स्पर्धांइतकेच शाखांचे सामूहिक प्रकल्प महत्त्वाचे आहेत. स्थानिक उद्योगांशी भागीदारी, समाजसेवा आणि मुक्त उद्योगव्यवस्थेचा परिचय असे तीन प्रकारचे प्रकल्प संघटनेने दीर्घकाळ चालविले. प्रत्येक प्रकल्पाचा लेखी अहवाल सादर करून परीक्षकांसमोर त्याचे विवेचन करावे लागे. शाखेने वर्षभराच्या कामाचा अहवालही एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालाप्रमाणे तयार करावा, अशी स्पर्धा ठेवण्यात आली. केलेल्या कामाचा हिशेब लेखी देण्याची ही सवय वाणिज्य शिक्षणाला साजेशीच आहे.

मर्यादा :

या रचनेच्या मर्यादाही लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली मर्यादा आर्थिक आहे. परिषदेला जाण्याचा प्रवास, निवास व नोंदणी यांचा खर्च प्रत्येक कुटुंबाला वा शाळेला पेलवत नाही. अलास्का, हवाई यांसारख्या राज्यांतील विद्यार्थ्यांना अंतराचाही भार सोसावा लागतो. परिणामी पदांपर्यंत पोहोचणाऱ्यांत सुस्थित शाळांचे विद्यार्थी अधिक असण्याचा धोका राहतो. दुसरी मर्यादा कार्यकालाची होय. एका वर्षात पद समजेपर्यंतच ते संपते, आणि सातत्य मार्गदर्शक शिक्षकांच्या हाती राहते. तिसरी मर्यादा वैचारिक आहे. मुक्त उद्योगव्यवस्थेचा प्रसार हे ध्येय गृहीत धरल्यामुळे कामगार, संप, मक्तेदारी अशा प्रश्नांची चिकित्सा करण्यास या व्यासपीठावर फारसा वाव उरत नाही. स्पर्धांचे आकर्षण वाढले की संघटनकार्य मागे पडते, ही चौथी मर्यादा होय.

महाराष्ट्रातील संदर्भ :

एफबीएलएचा महाराष्ट्रातील संस्थांशी थेट संबंध नाही. तथापि तिच्या अनुभवातून निघणारा प्रश्न आपल्यालाही लागू पडतो. आपल्या बहुतेक वाणिज्य महाविद्यालयांत वाणिज्य मंडळ असते. उद्घाटन, एखादे व्याख्यान, औद्योगिक सहल आणि भित्तिपत्रक यांवर त्याचे वर्ष संपते. शेजारच्या महाविद्यालयातील मंडळाशी त्याचा संबंध येत नाही. १९३७ मध्ये फॉर्क्नर यांच्यासमोर जे चित्र होते, त्याहून हे फारसे वेगळे नाही. त्यातच महाराष्ट्र विद्यापीठ कायदा, १९९४ नुसार विद्यार्थी परिषदेवरील वर्गप्रतिनिधी गुणवत्तेच्या आधारे नेमले जाऊ लागले. निवडणुकांतील हिंसाचार टाळण्याचा हेतू रास्त होता. परंतु त्यामुळे समवयस्कांकडे मत मागण्याचा अनुभव विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांना मिळाला नाही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. परीक्षेतील गुण आणि सहकाऱ्यांचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या बदलातून मान्य झाले, असे म्हणता येईल.

निष्कर्ष :

१) एफबीएलएची निर्मिती शासकीय अनुदानातून न होता वाणिज्य शिक्षकांच्या ऐच्छिक सहकार्यातून झाली; तिच्या असमान विस्ताराचे एक कारण यातच आहे.
२) कारकुनी कौशल्ये शिकविणारा अभ्यासक्रम आणि नेतृत्वाचे आश्वासन देणारे नाव यांतील अंतर भरून काढण्याचे काम संघटनेच्या पदांनी व उपक्रमांनी केले.
३) विभागीय स्तराला स्वतःचे आर्थिक वा प्रशासकीय बळ नसल्यामुळे तेथील नेतृत्व संवाद आणि विश्वास यांवर उभे राहते. शैक्षणिक दृष्ट्या हाच या स्तराचा लाभ आहे.
४) खर्च, अल्प कार्यकाल आणि स्पर्धांचा वरचष्मा यांमुळे हा लाभ मर्यादित विद्यार्थ्यांपर्यंतच पोहोचण्याची शक्यता असते.
५) आपल्याकडील वाणिज्य मंडळांनी जिल्हा पातळीवर परस्परांशी संबंध जोडल्यास, अल्प खर्चात व नव्या यंत्रणेशिवाय असा अनुभव विद्यार्थ्यांना देता येईल. एका महाविद्यालयातील विद्यार्थ्याने दुसऱ्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांपुढे जाऊन आपले म्हणणे मांडणे, त्यांचे मत मिळविणे आणि वर्षअखेर त्यांना हिशेब देणे, एवढी सुरुवातही पुरेशी ठरावी. त्यासाठी पुढाकार मात्र, अमेरिकेत घेतला गेला तसा, प्राध्यापकांनाच घ्यावा लागेल.