आयरिश सीमा आयोग

आयर्लंडच्या फाळणीची सीमा नव्याने ठरवण्यासाठी नेमलेला त्रिसदस्यीय आयोग (१९२४-२५). त्याने आखलेली रेषा कधीच अमलात आली नाही. ‘फाळणी वेगळी झाली असती तर?’ या प्रश्नाला त्यामुळे प्रत्यक्ष नकाशाचा आधार मिळतो.

१९२० च्या ब्रिटिश कायद्याने अल्स्टर प्रांताच्या नऊपैकी सहा काउंटी उत्तर आयर्लंडमध्ये गेल्या. त्यांतील टिरोन व फर्मॅना येथे कॅथलिक बहुसंख्य होते आणि त्यांतले बहुतेक फाळणीविरोधी. एप्रिल १९२३ पासून सीमेवर जकात नाके बसले. पेटिगो गावात टर्मन नदीचा पूल ओलांडला की राज्य बदलत असे. ब्रिटिश सरकार व आयरिश शिष्टमंडळ यांच्यातील १९२१ च्या तहाच्या बाराव्या कलमाने रहिवाशांच्या इच्छेनुसार सीमा ठरवण्याचे मान्य केले, पण आर्थिक व भौगोलिक परिस्थितीची अट घालून. सार्वमताची तरतूद नव्हती. जर्मनी-डेन्मार्क सीमेवरील श्लेस्विगमध्ये १९२० साली सार्वमत झाले होते. तो दाखला समोर असताना आयरिश शिष्टमंडळाने असे सैल कलम स्वीकारले, ही त्याची सर्वांत महागडी चूक होय.

आयोगाचे अध्यक्ष रिचर्ड फीथम हे दक्षिण आफ्रिकेतील न्यायाधीश. उत्तर आयर्लंडचे मूळ स्वरूप कायम ठेवून फक्त कडेचे फेरफार करता येतील, असा अर्थ त्यांनी लावला. न्यूरी शहरात कॅथलिक बहुसंख्य असूनही उत्तरेशी असलेल्या व्यापारासाठी ते तिकडेच ठेवले. क्रॉसमॅग्लेनसह दक्षिण आर्मा आयरिश फ्री स्टेटला (दक्षिणेतील नव्या राज्याला), तर पूर्व डोनेगलचा काही भाग उत्तरेला द्यायचा होता. सुमारे ३१ हजार लोक फ्री स्टेटमध्ये आणि साडेसात हजार उत्तरेत गेले असते.

७ नोव्हेंबर १९२५ रोजी ‘मॉर्निंग पोस्ट’ या वृत्तपत्राने हा नकाशा फोडला. आपलीही जमीन जाणार हे कळताच डब्लिन हादरले. फ्री स्टेटचे सदस्य ओइन मॅकनील यांनी राजीनामा दिला. ३ डिसेंबरला ब्रिटन, फ्री स्टेट व उत्तर आयर्लंड या तिन्ही सरकारांनी जुनीच सीमा कायम केली आणि फ्री स्टेटवरील ब्रिटिश सार्वजनिक कर्जाचा वाटा माफ झाला. टिरोन-फर्मॅनाच्या लोकांना या सौद्यात कोणी विचारले नाही. अहवाल प्रसिद्ध झाला तो थेट १९६९ मध्ये.

आयोगाची रेषा लागू झाली असती, तर १९७० नंतरच्या उत्तर आयर्लंडमधील सशस्त्र संघर्षात ब्रिटिश लष्कराला अत्यंत धोक्याचे ठरलेले क्रॉसमॅग्लेन त्याच्या हद्दीबाहेर राहिले असते. मात्र सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या उत्तर आयर्लंडमधील बहुमत त्या रेषेने बदलले नसते. उलट, जाणारे बहुतेक कॅथलिक असल्याने उत्तर आयर्लंडमध्ये उरलेले त्यांचे बांधव आणखी अल्पसंख्य झाले असते.