जुनी छोटी गाडी घेताना : काय पाहावे, काय टाळावे

पणजी, मडगाव किंवा म्हापशाच्या बाजारपेठेत चारचाकी उभी करायला जागा शोधणे ही रोजचीच कसरत झाली आहे. दुसरीकडे, सायंकाळनंतर आडगावी परतणाऱ्यास बसची खात्री नसते. रुग्णाला घेऊन बांबोळीला जायचे असो वा मुलांना पावसात शिकवणीला पोहोचवायचे असो, घरात एक लहान गाडी असणे ही अनेक कुटुंबांची गरज आहे. नव्या गाडीचा हप्ता परवडत नसेल तर जुन्या गाडीचा विचार करणे शहाणपणाचेच होय. मात्र जुन्या गाडीच्या व्यवहारात ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ असा अनुभव पदरी पडण्याची शक्यताही तितकीच असते. म्हणून सर्वांत कमी किमतीची गाडी शोधण्याऐवजी पुढील तीन-चार वर्षांत सर्वांत कमी खर्च मागेल आणि जिच्या कागदपत्रांत गुंता नसेल अशी गाडी शोधावी. मॉडेलची निवड त्यानंतर येते.

अंदाजपत्रक कसे मांडावे

हाताशी असलेली सर्व रक्कम गाडीच्या किमतीत घालू नये. दोन लाख रुपयांची तयारी असेल तर एक लाख साठ-पासष्ट हजारांपर्यंतचीच गाडी पाहावी. उरलेल्या रकमेतून नावबदलाचे शुल्क, विमा, इंजिन ऑइल, फिल्टर व ब्रेक यांचे काम आणि बहुधा बॅटरी वा टायर यांचा खर्च भागवावा लागतो. आधीच्या मालकाने गाडी विकायची ठरवल्यावर शेवटची सर्व्हिसिंग टाळलेली असते, हे गृहीत धरूनच चालावे.

गाडीचे वय आणि चार तारखा

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर तपासणी करून ती दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशे रुपयांवरून पाच हजारांवर गेले. तेव्हा तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी हा खर्च आणि तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठीची दुरुस्ती त्या किमतीत मिळवूनच हिशेब करावा.

गाडी केव्हा बनली यावरून तिच्यात काय असेल हेही कळते. एप्रिल २०१७ पासून देशभर बीएस-४ आणि एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषण निकष लागू झाले. एप्रिल २०१९ पासून एबीएस आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून चालकासाठी एअरबॅग नव्या गाड्यांत सक्तीची झाली. चालकाशेजारील आसनाची एअरबॅग २०२२ च्या आरंभापासून सर्व नव्या गाड्यांत आली. २०१४ साली ग्लोबल एनकॅप या संस्थेने एअरबॅग नसलेल्या भारतीय छोट्या गाड्यांची धडक-चाचणी घेतली, तेव्हा अल्टो ८००, आय-१० आणि नॅनो यांना शून्य तारे मिळाले होते. महामार्गावरून रोज ये-जा करणाऱ्याने हे विसरू नये. पंचवीस-तीस हजार अधिक मोजून २०१९ च्या उत्तरार्धातील गाडी मिळत असेल तर ते पैसे सत्कारणी लागले असे समजावे.

कोणती गाडी

जुन्या गाडीच्या बाबतीत सुटे भाग आणि ते बसवणारा मेकॅनिक गावात मिळतो का, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. या कसोटीवर मारुती आणि ह्युंडाई यांच्या छोट्या गाड्या पुढे राहतात. अल्टो ८०० हे मॉडेल २०१२ ते २०२३ या काळात विकले गेले. ७९६ सीसीचे साधे इंजिन, अरुंद गल्लीत सहज वळणारा आकार आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजातही होणारी दुरुस्ती ही तिची बलस्थाने आहेत. या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो. तो ठरलेल्या अंतरानंतर बदलला आहे का, हे विचारलेच पाहिजे. ज्येष्ठांना चढउतार सोपी हवी असेल तर उंच बांध्याची वॅगन-आर अधिक सोयीची. तिच्या व अल्टो के-१० च्या एक लिटर इंजिनात बेल्टऐवजी साखळी असते.

आय-१० आणि तिच्यानंतर २०१३ साली आलेली ग्रँड आय-१० या आतून अधिक ऐसपैस असल्या तरी त्यांची दुरुस्ती अल्टोपेक्षा महाग पडते. २०१६ साली आलेल्या टियागोचा बांधा भक्कम मानला जातो. २०१५ पासून मिळणारी क्विड तिच्या उंच तळामुळे खड्ड्यांच्या रस्त्यांवर उपयोगी ठरते.

फार स्वस्त मिळणाऱ्या काही गाड्यांमागचे कारणही ठाऊक असावे. शेव्हरोलेने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन बंद करण्याचा निर्णय घेतला आणि डॅटसन २०२२ मध्ये बाजारातून गेली. या गाड्या वाईट होत्या असे नव्हे. पण पुढे बंपर, दिवा किंवा दरवाजाचे कुलूप यांसारखा भाग शोधत फिरण्याची तयारी हवी.

शहरातल्या शहरात, कमी अंतरासाठी गाडी हवी असेल तर पेट्रोलचीच घ्यावी. डिझेल गाडीची महाग दुरुस्ती कमी वापरात भरून निघत नाही. सीएनजी बसवलेली गाडी असल्यास त्याची नोंद आरसी पुस्तिकेत आहे का आणि टाकीची दाबचाचणी मुदतीत झाली आहे का, हे पाहावे.

गंज : गोव्यातील गाडीचा खरा शत्रू

खारी हवा, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि सर्वत्र उडणारी तांबडी माती यांमुळे येथील गाडीला इंजिनाआधी पत्रा दगा देतो. म्हणून गाडी दिवसा, कोरडी असताना आणि शक्य तर गॅरेजातील रॅम्पवर चढवून पाहावी. दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांवरील कमानींची आतली बाजू, बॅटरीखालचा पत्रा आणि डिकीतील स्टेपनीखालचा खळगा या चार जागी गंज आधी धरतो. वरवरचा तांबूस डाग घासून रंगवता येतो. मात्र बोटाने दाबल्यावर पत्रा चुरत असेल, किंवा सस्पेन्शन जेथे बॉडीला जोडलेले असते तेथे गंज असेल, तर किंमत कितीही उतरली तरी गाडी सोडून द्यावी. तळाला नुकताच फासलेला काळाकुट्ट लेप दिसला तर तो संरक्षणासाठी आहे की झाकण्यासाठी, हा संशय घ्यावा.

पुरात बुडालेली गाडी ही याहून मोठी फसवणूक होय. २०१९ मध्ये कोल्हापूर, सांगली व बेळगाव परिसरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणसह आपल्या सत्तरी व डिचोली तालुक्यांत पाणी भरले होते. अशी गाडी धुऊन-पुसून विकायला येऊ शकते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकाला गाळाची रेषा असल्यास संशय पक्का. आसनांखालचे रूळ, डॅशबोर्डखालच्या वायरींची जोडणी आणि गालिच्याखालचा कुबट वास यांतूनही सत्य बाहेर येते.

कमी धावलेली गाडी नेहमीच उत्तम असते असेही नाही. आखातात किंवा युरोपात नोकरीस असलेल्यांच्या गाड्या महिनोन्महिने अंगणात उभ्या असतात. आकडा लहान दिसतो, पण बॅटरी बसलेली, टायर कडक झालेले आणि वायरी उंदरांनी कुरतडलेल्या असतात. टायरच्या कडेला चार अंकी खूण असते. तेथे ‘२३१९’ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला असे समजावे. सहा वर्षांहून जुना टायर नक्षी शाबूत असली तरी बदलण्याच्या यादीत धरावा.

इंजिन आणि चालवून पाहणे

गाडी पाहायला जाताना मालकाला ती आधी सुरू न करण्यास सांगावे. बॉनेटला हात लावून इंजिन थंड आहे याची खात्री करावी. थंड इंजिन सुरू होताना दोष लपत नाहीत. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळत आहे, काळा असेल तर इंधन जास्त जात आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल तर शीतकाचे पाणी आत झिरपत असण्याची शक्यता असते, आणि ती दुरुस्ती महागडी असते. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साका दिसला तर मेकॅनिकचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चालवून पाहण्यासाठी सपाट रस्ता पुरेसा नाही. पणजीत असाल तर आल्तिनोचा चढ गाठावा. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, असे झाल्यास क्लच संपत आला आहे. उतारावर ब्रेक दाबताना गाडी एका बाजूस ओढते का, खड्ड्यावरून जाताना खालून ठोके ऐकू येतात का आणि सरळ रस्त्यावर स्टीअरिंग सैल सोडल्यास गाडी सरळ राहते का, हे पाहावे. गाडी जागेवर उभी ठेवून एसी दहा मिनिटे चालवावा. येथील दमट उकाड्यात तो थंडावा देत नसेल तर कॉम्प्रेसर वा कंडेन्सरचा खर्च किमतीतून वजा करून बोलावे.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो. तेव्हा त्याच्यावर विसंबण्याऐवजी सर्व्हिसिंगच्या नोंदी मागाव्यात आणि गिअरच्या मुठीची व पायाखालच्या रबरांची झीज पाहावी. चाळीस हजार किलोमीटर सांगितलेल्या गाडीचे क्लचचे रबर गुळगुळीत झालेले असेल तर आकडा खोटा मानण्यास हरकत नाही. शेवटी आपल्या ओळखीच्या मेकॅनिकला त्याची मजुरी देऊन सोबत न्यावे. विक्रेत्याने सुचवलेला मेकॅनिक नको.

कागदपत्रे : येथे घाई नको

आरसीवरील इंजिन व चॅसिस क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी स्वतः जुळवून पाहावेत. ‘वाहन’ प्रणालीत नोंदणीची मुदत, विमा, कर्जाचा बोजा आणि प्रलंबित ई-चलन तपासता येतात. बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी पूर्वी भाड्याची होती का, हेही विचारावे. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली रेंट-अ-कॅब गाडी पुढे खासगी नोंदणीत आणता येते. पण अनेक अनोळखी हातांतून गेलेल्या गाडीला एकाच कुटुंबाने वापरलेल्या गाडीचा भाव देण्याचे कारण नाही.

केए-२२ किंवा एमएच-०७ अशी शेजारची पाटी असलेली गाडी स्वस्त वाटते. दिल्लीतून येणाऱ्या जुन्या गाड्या तर आणखी स्वस्त असतात, कारण तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने निर्बंध घातले होते. परंतु परराज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची तर नवी नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २८, लागते आणि येथील रस्ता करही भरावा लागतो. ही सर्व बेरीज करूनच तुलना करावी.

नावबदल झाल्याशिवाय व्यवहार पुरा नाही

पैसे आणि चावी यांची अदलाबदल झाली की व्यवहार संपला, हा समज घातक आहे. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात विक्री झाल्यास विक्रेत्याने चौदा दिवसांत आणि खरेदीदाराने तीस दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० वापरले जातात. कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देणे किंवा घेणे दोन्ही टाळावे.

यात विक्रेत्याचाही जीव अडकलेला असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट केले की, गाडी एकापाठोपाठ एक अनेकांना विकली गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच मालक जबाबदार धरला जाईल. म्हणजे वर्षापूर्वी विकलेल्या गाडीखाली कोणी सापडले तर नोटीस जुन्या मालकाच्या दारी येऊ शकते. डीलरकडे गाडी देतानाही हेच लक्षात ठेवावे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिकृत डीलरच्या ताब्यात गाडी दिल्याची ऑनलाइन नोंद करता येते आणि त्यानंतरची जबाबदारी डीलरवर जाते. ती नोंद झाल्याखेरीज चावी हातची सोडू नये.

विम्याचेही तसेच. तृतीय पक्षाचे संरक्षण गाडीबरोबर नव्या मालकाकडे जाते. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा करायचा तर विमा आपल्या नावे झालेला हवा. त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र विक्रेत्याचीच राहते. ती मिळणार असे सांगून कोणी किंमत वाढवत असेल तर मान्य करू नये.

किंमत ठरवताना दोषांची यादी आणि प्रत्येकाचा दुरुस्तीखर्च कागदावर लिहून पुढे ठेवावा. रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि ताबा घेतल्याची तारीख व वेळ दोघांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावी. त्या क्षणाआधीचे चलन कोणाचे व नंतरचे कोणाचे, हा वाद मग उरत नाही. ‘आजच ठरवा, उद्या दुसरे गिऱ्हाईक येते आहे’ असे ऐकू आले तर त्या गिऱ्हाइकाला गाडी घेऊ द्यावी. बाजारात छोट्या गाड्यांची वाण नाही. पावसाळ्यात एखादी गाडी भर सरीत पाहण्याची संधी मिळाली तर तीही साधावी, कारण छत आणि दरवाजे कोठे गळतात हे उन्हात कळत नाही.