मलकापूर : कायद्याची सीमा व नवागत

१८५३ नंतर खानदेशातून मलकापुरास स्थायिक होणारा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने परराज्यात पाऊल टाकीत असे. त्या वर्षीच्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. सार्वभौमत्व मात्र निजामाकडेच राहिले. १९०२ च्या करारान्वये वार्षिक २५ लाख रुपयांवर प्रांत कायमच्या पट्ट्याने दिला गेला, तरी ही स्थिती पालटली नाही. ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे येथे स्वतंत्र आदेशाने लागू करावे लागत. म्हणजे नवागतास परकेपण भेटण्याचा संभव होता तो कचेरीत. मुंबई इलाख्याच्या धर्तीची रयतवारी, कापसाचे पीक, मराठी भाषा आणि १८६७ मध्ये नागपूरपर्यंत पोहोचलेला लोहमार्ग यांमुळे त्याचा नित्य व्यवहार ओळखीचाच राहिला. राज्याच्या सीमेवरून लोकजीवनाची सीमा ठरविणे, म्हणूनच, अभ्यासकास धोक्याचे ठरते.