तेचा नदीचे दोन उपयोग

शाळेतल्या नकाशात तेचा नदी बहुधा सापडणार नाही. उरल पर्वताच्या पूर्वेकडील तळ्यांच्या प्रदेशात उगम पावून, सुमारे 240 किलोमीटर वाहून ती ईसेत नदीला मिळते. पुढे तोबोल, इर्तिश आणि ओब या नद्यांतून तिचे पाणी आर्क्टिक महासागरात पोहोचते. काठावर रशियन, तातार, बाश्कीर लोकांची गावे होती. पिणे, धुणे, परसातली भाजी, गुरे, बदके सारे नदीच्या पाण्यावर. मेतलिनो गावात बांध घालून पाणचक्की चालवत. पूर ओसरला की काठच्या कुरणातले गवत कापून हिवाळ्यासाठी साठवत. हे गवत लक्षात ठेवूया.

1948 साली उगमाजवळ ‘मायाक’ कारखान्याची पहिली अणुभट्टी सुरू झाली. बॉम्बसाठी प्लुटोनियम वेगळे केल्यावर उरणारे किरणोत्सारी सांडपाणी 1949 ते 1956 या काळात तेचात सोडले गेले. प्रचलित अंदाजानुसार ते सुमारे 7 कोटी 60 लाख घनमीटर होते आणि त्याची क्रियाशीलता साडेसत्तावीस लाख क्युरी. एक ग्रॅम रेडियमची क्रियाशीलता साधारण एक क्युरी असते. वर्गात हे गणित टनांत करून पाहावे.

वाहते पाणी घाण दूर नेते, हा आपला सर्वांचाच समज. पण बरेचसे किरणोत्सारी द्रव्य वरच्या भागातील दलदलीत, नदीच्या गाळात आणि पुराबरोबर कुरणांत बसले. तेथून गवतात, गवतातून गाईत, गाईतून दुधात. त्यात स्ट्रॉन्शियम-90 होते. आवर्तसारणीत स्ट्रॉन्शियम कॅल्शियमच्या बरोबर खाली येते. शरीर त्याला कॅल्शियमसारखेच वागवते आणि हाडांत साठवते. वाढत्या मुलांच्या हाडांत ते अधिक शिरते. त्याचे अर्धायुष्य सुमारे 29 वर्षे.

1951 च्या उन्हाळ्यात तपासणी झाली तेव्हा हे उघड झाले, पण फक्त अधिकाऱ्यांना. पुढे विहिरी खोदल्या, नदीच्या वापरावर बंदी आली, काठावर पहारा बसला. सुमारे साडेसात हजार लोकांना हलवण्यात आले. कारण मात्र सांगितले नाही. कारण न कळता कोणी आपली नदी सोडतो का? जी गावे मागे राहिली, तेथे गुरे पाण्यावर जातच राहिली. सरकारने जाहीर कबुली दिली ती 1989 मध्ये. मुस्ल्युमोवो गावाचे स्थलांतर तर 2006 नंतर सुरू झाले.

मधल्या काळात डॉक्टर गावकऱ्यांच्या नोंदी गुप्तपणे ठेवत होते. दीर्घकाळच्या किरणोत्सर्गाने रक्ताचा कर्करोग वाढतो, हे पुढे त्याच नोंदींवरून दिसून आले.

मेतलिनो 1956 मध्ये रिकामे झाले. जेथे चक्कीसाठी पाणी अडवत, तेथे आता किरणोत्सारी पाणी अडवून ठेवणारा जलाशय आहे.