माहुलीचे तीन किल्लेदार

आसनगाव स्थानकावरून दिसणारा माहुलीचा डोंगर म्हणजे भंडारगड, माहुली आणि पळसगड अशी तीन शिखरे. १६३६ साली शहाजीराजांनी याच गडावर मोगलांपुढे माघार घेतली, हे सर्वश्रुत आहे. आम्हांस मात्र १६७० मधला प्रसंग अधिक बोलका वाटतो.

पुरंदरच्या तहाने (१६६५) गड मोगलांकडे गेला होता. फेब्रुवारी १६७० मध्ये मराठ्यांनी रात्री चढून जाण्याचा यत्न केला, तो किल्लेदार मनोहरदास गौड याने मोडून काढला. शूर गृहस्थ! पण पुरेशा कुमकेवाचून गड टिकणार नाही हे ओळखून त्याने किल्लेदारी सोडली. त्याच्या जागी अलाहवर्दी बेग आला आणि १६ जून रोजी मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला. कारणे अनेक असतील. तथापि नव्या माणसाच्या हाती चाव्या येतात, शत्रू कोणत्या कड्याने चढला आणि शिबंदी कितपत खचली आहे हे ज्ञान चाव्यांबरोबर येत नाही. शिवरायांच्या गडांवर हवालदार, सबनीस व कारखानीस अशी त्रयी असे. त्यामागे दगाफटका टाळण्याचा हेतू होता खरा. पण एक बदलला तरी जाणते दोघे उरत, हा लाभही थोडा नव्हे.

गणना ग्रंथात मोशे आपला अधिकार यहोशवाला देतो तो तंबूत एकांती नव्हे, तर एलाजार याजक व सर्व मंडळीसमक्ष. कॅलिफोर्नियातील १९७० च्या वणव्यांनंतर अमेरिकेत जी आज्ञापद्धती रचली गेली, तिचे मर्मही हेच: जो प्रथम पोहोचेल त्याने सूत्रे घ्यावी, वरिष्ठ आल्यावर समोरासमोर सर्व स्थिती सांगून ती सोपवावी आणि बदल सर्वांस कळवावा. आपल्याकडे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांस जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष केले; २०१० मध्ये राष्ट्रीय प्राधिकरणाने हीच पद्धत मार्गदर्शनात आणली.

१ ऑगस्ट २०२३ च्या अपरात्री शहापूर तालुक्यातच, सरळांबे येथे, समृद्धी महामार्गाच्या पुलावरील गर्डर चढविणारे अजस्र यंत्र कोसळून वीसजण दगावले. कितीजण वर होते, हे अशा वेळी कामावरचा मुकादमच सांगू शकतो. पोलीस, अग्निशमन दल, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल एकामागून एक येतात. दर वेळी ही हजेरी पुढच्याच्या कानी पडली नाही, तर ढिगाऱ्याखाली कोणास शोधावयाचे तेच ठरत नाही.

आमच्या मते खरी परीक्षा मुरबाडकडे आहे. शहापूर भिवंडीच्या प्रांताधिकाऱ्यांकडे, मुरबाड कल्याणच्या. आणि माळशेज घाटाचा पायथा ठाणे जिल्ह्यात, माथा पुणे जिल्ह्यात. घाटात दरड कोसळली तर सूत्रे प्रथम कोणाकडे आणि मग कोणाकडे, हे मृग लागण्यापूर्वी मोरोशीच्या पोलीस पाटलास तोंडपाठ असावयास हवे.